आधी आत या, मग हात मिळवू : पोलंडमधला दिवाळीचा आठवडा

रविवार, वॉर्सा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे घेतात. आम्ही नेमके त्याच दिवशी, २७ ऑक्टोबर २०२४ला, वॉर्सात उतरलो. सव्वाचारला सूर्य मावळला. पाचला आमच्या ह्यांनी पानं कधी घ्यायची म्हणून विचारलं, कारण त्यांच्या पोटातल्या घड्याळात कोल्हापूरचे साडेनऊ वाजले होते.

भाचा इथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरात दूध संपलेलं आणि दुकानं बंद. २०१८च्या मार्चपासून पोलंडमध्ये रविवारी मॉल आणि मोठी दुकानं बंद ठेवायचा कायदा आहे. वर्षातले मोजकेच रविवार सुटे. मागणी ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेची होती, चर्चचा पाठिंबा होता. दुकानात उभं राहणाऱ्या बाईलाही रविवार घरी मिळावा, असा मुद्दा. पण मालक स्वतः गल्ल्यावर उभा राहिला तर छोटं दुकान उघडं ठेवता येतं, आणि त्या फटीतून ‘झाप्का’ (म्हणजे छोटा बेडूक) नावाची, हिरव्या पाटीची दुकानं आरामात आत शिरली आहेत. देशभर दहा हजारांहून जास्त आहेत. दूध तिथंच मिळालं.

दूध हवं होतं चहासाठी. इथले लोक चहा काळाच पितात, लिंबाची चकती घालून. थंडीत त्यात रास्पबेरीचं सरबत ओततात. दुधाच्या चहाला ‘बावार्का’ म्हणतात आणि तो बाळंतिणीने प्यायचा, दूध वाढावं म्हणून. त्यामुळे साठी उलटलेल्या माझ्या नवऱ्याने कॅफेत दुधाचा चहा मागितला की वाढणारी मुलगी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघे. त्यांनी तरीही आठवडाभर तोच मागितला.

लिफ्टमध्ये एक बाई शिरल्या. ‘जेन दोब्री’ म्हणाल्या, दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तिसऱ्या मजल्यावर ‘दो विद्झेन्या’ म्हणून निघून गेल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“ओळखीच्या का रे?” ह्यांनी विचारलं.

“नाही काका. लिफ्टमध्ये म्हणायचंच असतं.”

लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या बाहेरच्या बाकावर, कोपऱ्यावरच्या दुकानात, रेल्वेच्या डब्यात, म्हणजे जिथं चार भिंतींच्या आत अनोळखी माणसांबरोबर थांबायचं तिथं आल्यावर नमस्कार आणि जाताना निरोप हे देणं लागतं. रस्त्यावर लागत नाही. आणि हसू कुठंच देणं लागत नाही, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पोलिश माणसं तुसडी असतात असं प्रवाशांकडून ऐकून आले होते. मला वाटतं ते लोक हसू शोधत राहिले आणि नमस्कार मोजायचे राहिले.

सोमवार, वॉर्सा

पोलंडच्या कॅलेंडरात रोजच्या तारखेला नावं छापलेली असतात. २८ ऑक्टोबरला शिमोन आणि तादेउश. शेजारच्या आजोबांचं नाव या दोहोंपैकी एक, म्हणून आज त्यांच्याकडे ‘इमिएनिनी’, म्हणजे नावाचा दिवस. जुन्या पिढीत हा वाढदिवसापेक्षा मोठा. सोयही आहे: वय कुणाला सांगावं लागत नाही आणि तारीख सगळ्यांना ठाऊक असते. पूर्वी आमंत्रणही नसे. ज्याला आठवण असेल तो फुलं घेऊन दारात. घरच्या बाईने केक करून ठेवायचा आणि किती जण येतात ते बघत बसायचं.

फुलं आणायला भाच्याबरोबर मी गेले. फुलं विषम संख्येत न्यायची; सम संख्या मयताला. शेवंती तर न्यायचीच नाही. दुकान मात्र शेवंतीनं ओसंडत होतं, पिवळी, पांढरी, जांभळी, कुंड्याच्या कुंड्या. आमच्याकडे वेणीत आणि देवाच्या हारात असणारं हे फूल इथं फक्त थडग्यांचं, आणि शुक्रवारी पितरांचा दिवस. मी कार्नेशनकडे बोट दाखवलं तर भाचा म्हणाला, “नको मावशी, आजी हसतील.” कम्युनिस्ट राजवटीत ८ मार्चला प्रत्येक कामकरी बाईला साहेबाच्या हस्ते एक कार्नेशन मिळे, पुष्कळदा सोबत पायमोजे, आणि घेतल्याची सही करावी लागे. त्या पिढीच्या नाकात अजून तो सरकारी वास आहे. सात गुलाब घेतले.

आजोबांनी दार उघडलं. ह्यांनी बाहेरूनच हात पुढे केला तसे आजोबा दोन पावलं मागे सरकले आणि खुणेनं म्हणाले, आत या. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून हात मिळवायचा नाही, भांडण होतं. आत आल्यावर ह्यांचा हात घट्ट दाबला आणि माझा हात उचलून त्यावर ओठ टेकवले. जुन्या वळणाचे पुरुष अजून असं करतात. हे त्या वेळी टोप्यांच्या खुंट्या मोजत होते.

दाराशी टोपलीत पाहुण्यांसाठी सपाता ठेवलेल्या, लहान-मोठ्या. त्यांना ‘काप्चे’ म्हणतात. बूट काढायचे, सपाता घालायच्या. आजी “राहू द्या, राहू द्या” म्हणत होत्या, आणि टोपली पायाने पुढे सरकवत होत्या.

टेबल आधीच भरलेलं. बटाटा, गाजर, मटार, अंडं बारीक चिरून मेयोनेजमध्ये कालवलेलं सॅलड, तेलातला हेरिंग मासा, थंड मांसाचे काप, आंबवलेल्या काकड्या, खसखशीचा ‘माकोव्हिएत्स’ आणि चक्क्यासारख्या चीजचा ‘सेर्निक’. मी शाकाहारी आहे असं भाच्यानं सांगून ठेवलं होतं, म्हणून आजींनी मांसाची बशी माझ्यासमोरून उचलली आणि तिथं हेरिंग ठेवला. कॅथलिक उपासाला, म्हणजे दर शुक्रवारी, मांस वर्ज्य, मासा चालतो. नाताळच्या आदल्या रात्रीचं मोठं जेवणही ‘बिनमांसाचं’ आणि त्यात मान कार्प माशाचा. मासाही नको म्हटल्यावर आजी काळजीत पडल्या. मग चीजचं घावन आलं, आणि मी खाईपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

व्होडका छोट्या पेल्यातून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, एका घोटात. मग काकडी. मग ‘स्तो लात’ हे गाणं, शंभर वर्षं जगा म्हणून. आजोबा एक्याऐंशीचे असल्याने एकाने मध्येच ‘दोनशे’ म्हणून दुरुस्ती केली.

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ तीस वर्षांचे शेजारी. तरी ते आजोबांना ‘पान’ म्हणजे साहेबच म्हणतात, आणि बोलतात तृतीय पुरुषात: साहेब चहा घेतील का? एकेरीवर यायचं तर रीतसर प्रस्ताव ठेवावा लागतो, तोही वयाने मोठ्यानं किंवा बाईनं. जुनी पद्धत म्हणजे दोघांनी कोपरात कोपर अडकवून एक पेला प्यायचा. त्यानंतर आयुष्यभर अरे-तुरे. भाच्याच्या ऑफिसात सगळे पहिल्या दिवसापासून एकेरीत, पण लिफ्टमध्ये तीच मुलं ‘पान’ आणि ‘पानी’, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात.

कसं काय चाललंय असं विचारलं की लोक खरंच सांगतात. गुडघा, पेन्शन, सरकार, वरच्या मजल्यावरचा कुत्रा. छान चाललंय म्हणणाऱ्याकडे जरा संशयानंच बघत असावेत. निरोप घ्यायला आठला उठलो; दाराजवळच्या बोळात, कोट चढवून, घामाघूम होऊन पाऊण तास उभे होतो. सगळ्यात रंगलेल्या गप्पा तिथंच झाल्या.

मंगळवार, वॉर्सा

जुनं शहर पाहिलं. जुनं म्हणजे १९४४च्या उठावानंतर जर्मनांनी घर न्‌ घर सुरुंग लावून पाडलेलं आणि युद्धानंतर अठराव्या शतकातली चित्रं समोर ठेवून पुन्हा उभारलेलं. १९८०मध्ये युनेस्कोनं या पुनर्बांधणीलाच वारसा म्हणून मान्यता दिली. पाय दुखले एवढं सांगते. या भागाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय.

संग्रहालयात शिरताना कोट काढून ‘शात्न्या’त द्यावा लागतो. बिल्ला मिळतो. थंडी वाजतेय ही सबब चालत नाही. नाटकाला, बऱ्याच हॉटेलांतही तेच. कोट अंगावर ठेवून बसणं म्हणजे घाईत आहे, इथं राहायचं नाहीये, असं समोरच्याच्या तोंडावर सांगणं. स्वच्छतागृहाच्या दारावर वर्तुळ असेल तर बायकांचं, त्रिकोण असेल तर पुरुषांचं. हे कुणी तरी आधी सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

बुधवार, वॉर्सा

आजचा दिवस ‘बार म्लेच्नी’चा. नावात बार आहे, पण दारूचा थेंब मिळत नाही. शब्दशः दुधाचा बार. पहिला १८९६मध्ये याच शहरात नोव्ही श्वियात रस्त्यावर एका गोठेवाल्या जमीनदारानं काढला, दूध-अंडी-पिठाचे स्वस्त पदार्थ विकायला. कम्युनिस्ट काळात कामगारांना गरम जेवण मिळावं म्हणून ते गावोगाव पसरले. नंतर खूपसे बंद झाले, पण जे उरलेत त्यांना अजूनही सरकारी अनुदान मिळतं, आणि ते फक्त बिनमांसाच्या पदार्थांच्या सामानावर. माझ्यासारखीला यापेक्षा चांगलं सरकारी धोरण काय असणार?

आम्ही मार्शाऊकोव्स्का रस्त्यावरच्या ‘प्रासोवी’त गेलो. हा १९५४चा. २०११मध्ये तो बंद पडला तेव्हा काही तरुण आत घुसले आणि त्यांनी लोकांना जेवण वाढून निषेध केला. २०१३मध्ये तो पुन्हा उघडला. रीत अशी: भिंतीवरची यादी वाचायची, गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती खिडकीत द्यायची, नाव पुकारलं की थाळी उचलायची, खाऊन झालं की भांडी दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायची. गल्ल्यावरच्या बाई सुट्टे मागतात. सुट्टे नाहीत म्हटलं की उसासा टाकतात. बाकी देश मोबाईलवर सहा आकडी ‘ब्लिक’ कोड टाकून पैसे देतो.

माझ्या ताटात ‘पिएरोगी रुस्किए’ होते: उकडलेल्या मैद्याच्या पारीत बटाटा आणि चीज, वर परतलेला कांदा. रशियाशी संबंध नाही, रुथेनिया या जुन्या प्रांताचे ते. पण २०२२ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर बऱ्याच पाट्यांवर त्यांचं नाव ‘युक्रेनी’ झालं. कांदा कशात परतलाय ते विचारून घ्यावं. पुष्कळदा डुकराच्या चरबीत असतो. सोबत टोमॅटोचं सूप आणि ‘कोंपोत’, म्हणजे फळं उकळून केलेलं कोमट पाणी, तळाशी दोन मनुकाएवढी दमलेली फळं. शेजारच्या टेबलावर कोटटाय घातलेला एक माणूस, एक विद्यार्थिनी आणि तीन पिशव्या सांभाळत बसलेले एक म्हातारे. अनोळखी असून बसताना एकमेकांना ‘स्माच्नेगो’ म्हणाले, चवीनं जेवा म्हणून. पुढं तिघांनी अवाक्षर काढलं नाही.

हॉटेलात जेवताना मात्र एक सांभाळावं. वेटरच्या हातात नोट देताना ‘जेंकुयें’, म्हणजे आभार, म्हणालात तर उरलेले पैसे त्याचे झाले. आभार सुट्टे परत आल्यावर मानायचे.

गुरुवार, वॉर्सा

नरकचतुर्दशी. भाच्याच्या बाथटबमध्ये उटणं लावून अभ्यंगस्नान झालं, चिरांटं फोडायला मिळालं नाही. खिडकीत आकाशकंदील होताच. फराळाचा मोठा डबा आजींकडे गेला. चकली आजोबांना बिअरबरोबर चालेल असं वाटलं.

दुपारी मोंते कासिनोच्या स्मारकाकडे गेलो. १९४४च्या मेमध्ये इटलीतला तो डोंगर जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैनिकांनी घेतला. त्या लढाईत भारतीय पलटणीही होत्या. स्मारकाजवळ एका लहान शिळेवर वळिवडे आणि कोल्हापूर ही नावं आहेत. १९४०-४१मध्ये सोव्हिएत राजवटीनं लाखो पोलिश लोकांना घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. सुटल्यावर ते अँडर्सच्या सैन्यामागोमाग इराणात उतरले. पुरुष लढायला गेले. बायका-मुलं-म्हातारे यांतले सुमारे पाच हजार लोक कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला राहिले, १९४३ ते १९४८. शाळा, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउट, सगळं होतं. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरला जातो. ज्या छपरांखाली कापड निवडतो तिथं आधी कोण राहून गेलं, याचा विचार मीसुद्धा फार उशिरा केला.

शिळेपाशी शेवंतीची कुंडी आणि विझलेला दिवा होता. कुणीतरी येऊन गेलं होतं.

येताना ट्रॅममध्ये निम्म्या लोकांच्या मांडीवर शेवंती. काहींच्या हातात बादली आणि ब्रश, थडगी घासायला. सुपरमार्केटात जिथं एरवी बिस्किटं असतात तिथं झाकणाचे काचेचे दिवे, ‘झ्निच’, छतापर्यंत.

शुक्रवार, वॉर्सा

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. आणि त्याच दिवशी आमचं लक्ष्मीपूजन. आजींनी कालच विचारलं होतं, आमच्याबरोबर येता का? हे अडले. लक्ष्मीपूजनादिवशी स्मशानात जायचं? मी म्हटलं, आल्यावर डोक्यावरून अंघोळ करू. भाचा म्हणाला, “मावशी, इथं कुणी सुतक पाळत नाही.” मी म्हटलं, आपण पाळू की.

दफनभूमीकडे जादा ट्रॅम सोडतात, नंबराच्या आधी ‘सी’ अक्षर असलेल्या. गर्दी पंढरीच्या गाडीसारखी, फक्त आवाज नाही. आजींचे आईवडील ब्रुद्नोच्या दफनभूमीत आहेत. फाटकाबाहेर पुऱ्या जत्रेचं रूप: दिवे, कुंड्या, दोऱ्यात ओवलेले छोटे कडक पाव, आणि ‘पान्स्का स्कुर्का’ नावाची पांढरी-गुलाबी चिकट मिठाई, जी वॉर्सात या दिवसांत दफनभूमीबाहेर मिळते. दाताला चिकटली की कबरीपाशी पोहोचेपर्यंत बोलता येत नाही.

आजींनी थडगं हातानेच पुसलं, कुंड्या मांडल्या, दिवे लावले, क्रूस केला. आजोबांनी शेजारच्या, कुणीच न आलेल्या थडग्यावरही एक दिवा ठेवला. मग दोघं बाजूच्या बाकावर बसून भेटणाऱ्या नातेवाइकांशी बोलत राहिले. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणी गाडी घेतली. लोड्झहून चुलतभाऊ आलेला, ग्दान्स्कहून पुतणी. घरातल्या समारंभाला न येणारी माणसंही आज येतात, कारण आजचं बोलावणं टाळता येत नाही. मी काळे कपडे आणि रडणं मनात धरून गेले होते; तिथं मुलं दिवे मोजत होती.

मधोमध एक मोठा क्रूस होता आणि त्याच्या पायथ्याशी शेकडो दिवे. ज्यांची थडगी दूर आहेत किंवा कुठं आहेत तेच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तिथं लावतात. आजींनी एक काकासाठी लावला. ते १९४०मध्ये पूर्वेकडे नेले गेले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत वळिवड्याच्या छावणीतल्या लोकांची थडगी आहेत. ह्यांनी पिशवीतून एक झ्निच काढला. विकत कधी घेतला ते मला कळलंही नव्हतं. लायटर आजोबांनी दिला.

अंधार पडल्यावर पोवोन्स्कीच्या लष्करी दफनभूमीत गेलो. १९४४च्या उठावातल्या पोरांची थडगी बर्च झाडाच्या पांढऱ्या फांद्यांच्या क्रुसांची, ओळीनं. वयं सतरा, एकोणीस, वीस. स्काउटच्या गणवेशातली त्याच वयाची मुलं वाटेवर उभी राहून विझलेले दिवे पेटवत होती.

घरी येऊन अंघोळी झाल्या, साडेआठला लक्ष्मीपूजन. आजी प्रसादाला आल्या, केस ओले बघून थंडीत हे काय म्हणून रागावल्या, आणि परत जाऊन रास्पबेरीचं सरबत घेऊन आल्या.

शनिवार, क्राकूव

आगगाडीने अडीच तास. डब्यात शिरताना सगळ्यांना जेन दोब्री. क्राकूवच्या चौकात मरियम चर्चच्या मनोऱ्यातून दर तासाला चारी दिशांना तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तातारांच्या बाणानं पहारेकऱ्याचा गळा भेदला गेला अशी दंतकथा. दुपारी बाराची तुतारी १९२७पासून रेडिओवर लागते, त्यामुळे देशभरच्या स्वयंपाकघरांत घड्याळ तिच्यावर लावतात. गाड्यावरचा ‘ओब्वाझानेक’ हा खसखस लावलेला पिळाचा पाव खाल्ला. पर्यटक फार. पुढे चला.

रविवार, क्राकूव

भाच्याच्या सहकाऱ्याच्या आईवडिलांकडे ‘ओबियाद’. पोलंडात मुख्य जेवण दुपारी उशिरा, आणि रविवारी ते चर्चहून आल्यावर. सुरुवात ‘रोसूव’नं: कोंबडी आणि भाज्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवून काढलेलं स्वच्छ सोनेरी पाणी, त्यात केसासारख्या शेवया. फेसाळ उकळी आली तर बाई नापास. उरलेल्या रोसूवमध्ये टोमॅटो घातला की सोमवारचं सूप तयार. मग पाव-चुऱ्यात तळलेला डुकराचा ‘स्खाबोवी’, शेपू भुरभुरलेले बटाटे, सायीतली काकडीची कोशिंबीर. ह्यांनी दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर काकू भाच्याला म्हणाल्या, आवडलेलं दिसत नाही.

मला आंबवलेला कोबी आणि वाळवलेल्या अळंब्यांचे पिएरोगी. अळंब्या काकांनी सप्टेंबरमध्ये स्वतः रानातून आणलेल्या. हा इथला मोठा नाद आहे. पहाटे टोपली घेऊन निघतात. शंका आली तर सरकारी आरोग्य केंद्रात अळंबी फुकट तपासून मिळते. कोणत्या रानातून आणल्या, असं मी सहज विचारलं. काकांनी खिडकीबाहेर हात केला आणि म्हणाले, “तिकडून.” मुलगा म्हणाला, मलाही सांगितलेलं नाही.

निघताना काकूंनी बरण्या भरल्या: शेपू, लसूण, मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या काकड्या आणि बिनसाखरेचा आटवलेला आलुबुखारा. गावाकडून अशा बरण्या घेऊन राजधानीत परतणाऱ्या नोकरदारांना वॉर्साचे लोक चिडवून ‘स्वोइकी’ म्हणतात, म्हणजे बरण्याच. भाचा आता त्यांच्यात जमा झाला. फक्त एक अट होती, बरण्या झाकणांसकट परत यायला हव्यात. तेव्हा रात्री वॉर्सात आलुबुखारा आमच्या रिकाम्या चकलीच्या डब्यात भरला, त्याला तीन पिशव्या गुंडाळल्या, काकड्या भाच्यासाठी वाडग्यात काढल्या आणि बरण्या धुऊन खिडकीत पालथ्या घातल्या. डब्याला अजून तिखट-ओव्याचा वास येतोय, हे म्हणतात त्यानं चव सुधारेल.